नीर हाक

पहिल्या आठवड्यात हुक्केरी सर म्हणाले, "नीर हाक."
मी निपाणीची. कन्नड बसच्या पाटीपुरतं.
मला ऐकू आलं : पाण्याला हाक मार.
आणि मी खरंच नळाकडे मान वळवली.
महांतेश पोट धरून हसला, मग त्यानंच मगभर पाणी
माझ्या सुकत्या मातीवर ओतलं.
हाक म्हणजे घाल.
एवढंच.

माती खानापूरहून येते, टेम्पोनं.
पहिलं वर्ष ती तुडवण्यातच जातं.
डोक्याच्या आत, मेंदूच्या जागी,
तारेला लाकडाच्या फुल्या टांगतात
गाल ढासळू नयेत म्हणून.
त्यांना इथं फुलपाखरं म्हणतात.
हे मी आईला फोनवर सांगितलं,
ती म्हणाली, जेवलीस काय?

दुसऱ्या वर्षी समोर बसला गुरुसिद्धप्पा अज्जा,
वडगावचा. चाळीस वर्षं यंत्रमागावर,
उजवा कान मागानं खाल्लेला.
दिवसाचे तीनशे, वर कँटीनचा चहा.
मान जराशी कलती, डावीकडून जग येणार असल्यासारखी.
मी पंधरा दिवस ती मान सरळ करत होते,
ओळंबा लावून, कॅलिपरनं मोजून.
सर आले. तार घेतली.
साबणाची वडी कापावी तसं मानेतून डोकं उतरवलं
आणि माझ्या हातात दिलं.
काहीतरी बोलले, लांबलचक.
महांतेशनं त्याचं एका ओळीत मराठी केलं :
"माणूस ऐकतो कुठनं, ते बघ म्हणालेत."
बाकीचं त्यानं स्वतःलाच ठेवलं.

एप्रिलात कुणी कुठल्याशा पाटीला काळं फासलं
आणि बसगाड्या बंद.
मी सुट्टीला घरी आलेली, तिथंच अडकले.
महांतेश बैलहोंगलला, बहिणीच्या लग्नात.
चार दिवस माझ्या डोक्यात एकच डोकं,
पत्र्याच्या शेडमध्ये, गोणपाटाखाली वाळत असलेलं.
आधी नाकाजवळ तडा जाईल. मग ओठ.
आई बिड्या वळत होती.
मोबाईलवरचा फोटो तिच्यापुढं धरला.
तिनं बोटं न थांबवता बघितलं,
"ह्या माणसाला कमी ऐकू येतंय काय गं?"
तुला कसं कळलं, विचारलं,
तर सुपात मान घालून म्हणाली, दिसतंय की.

पाचव्या दिवशी पहिल्या बसनं गेले.
गोणपाट ओलं.
नुसतं ओलं नाही, टपटपणारं.
वॉचमन म्हणाला, अज्जा येत होता,
वडगावातनं चालत, रोज दोनदा,
कुलपाच्या बाहेर उभा राहून हटून बसायचा, किल्ली दे म्हणून.
मी कापड सोडवलं.
सगळं जागच्या जागी.
फक्त उजव्या कानाचं भोक,
जे मी लूप टूलनं एवढं खोल कोरलं होतं,
बुजवलेलं.
वर अंगठ्याचा ठसा, आडवा, सुताच्या जुन्या चिरेसकट.

परीक्षेला धारवाडचे एक सर आलेले.
कान अर्धवट का, म्हणाले.
मला उत्तर येत होतं, शब्द येत नव्हते,
ना ह्या भाषेत ना त्या.
सात मार्क गेले.
हुक्केरी सर खिडकीबाहेर बघत होते.

मग प्लास्टर. साचा छिन्नीनं फोडताना
पहिल्यांदा तो कानच बाहेर आला,
पांढराफटक, ठसा शाबूत.
अज्जाला बोलावून दाखवलं.
त्यानं स्वतःला दोन्ही हातांनी उचललं,
बाळाला उचलतात तसं, बुडाखाली हात घालून,
आणि म्हणाला, "भाळ वज्जी ऐती."

भाळ म्हणजे फार, हे आता मला येतं.
फार जड आहे, म्हणाला तो.
तरी मी त्याच्या कपाळाकडेच बघत राहिले,
प्लास्टरच्या नाही, दुसऱ्या,
घामानं ओल्या.