ढची कळ

माझ्या यंत्रावर सगळ्यात आधी झिजली ती ढची कळ.
बाकीची अक्षरं अजून धड आहेत.
शाळेत मास्तर मलाच ढ म्हणायचे
आणि पोट भरलं ते याच अक्षरावर:
मुदतवाढ, मुदतवाढ, मुदतवाढ,
सोलापूरच्या दिवाणी कोर्टाच्या भिंतीलगत, लिंबाखाली,
एकोणतीस उन्हाळे.

कारणं मला पाठ आहेत.
वकीलसाहेब आजारी. उतारे तलाठ्याकडे.
पक्षकार परगावी. पक्षकाराची सासू वारली;
एकाच माणसाच्या तीन सासवा वारल्यात माझ्या हातून.
शेवटी ठरलेलं: सबब विनंती की.
सबब म्हणजे म्हणून, आणि सबब म्हणजे बहाणा,
दोन्हीला कळा त्याच लागतात.

राजमणी बोगम, प्रतिवादी, वय बावन्न,
विड्या वळून बोटांची टोकं तंबाखूच्या रंगाची.
संक्रांतीनंतर समन्स निघालं, फेब्रुवारीत माझ्याकडे आली.
भावानं दावा लावलेला:
साखर पेठेतलं बापाचं घर, मागचे चार माग.
कैफियत द्यायला तीस दिवस.
हिरेमठ वकील म्हणाले, टाक, कागदपत्रं मिळाली नाहीत.
कागदपत्रं तिच्या पिशवीत होती,
विडीच्या पानांखाली. मी पाहिली.
मी टाइप केलं.

मार्चमध्ये परत.
"तेवढं वाढवून द्या की ओ."
मावशी, मी कोण देणारा? वर साहेब बसलेत.
खरं कारण काय?
तिनं पदराला हात पुसले.
"भावाच्या कागदाला उत्तर म्हणजे
सगळ्याला नाही म्हणायचं असतंय म्हणे.
तेवढं तोंडातून निघंना."
याला अर्जात जागा नाही.
मी लिहिलं: प्रकृती अस्वास्थ्य.

अर्जावर समोरच्याचं म्हणणं घेतात.
अंबादास गज्जम, वादी, व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला.
त्याच्या वकिलानं सवयीनं 'सक्त हरकत' लिहायला घेतलं
तर यानं पेनच धरलं.
हरकत नाही, असं लिहून घेतलं.
का, ते कुणी विचारलं नाही.
मंजूर. खर्च रुपये दोनशे.
ते दोनशे त्यालाच मिळायचे;
त्यानं घेतले, मोजले नाहीत.

एप्रिल. त्रेचाळीस डिग्री.
कार्बन बोटांना चिकटतो.
नव्वदावा दिवस, मागच्या अर्जावर शेरा: अखेरची संधी.
"मेची सुट्टी लागंल ना कोर्टाला?"
लागेल, मावशी. पण आज एप्रिल आहे.

हिरेमठ उभ्यानं मजकूर सांगू लागले:
दाव्यातील परिच्छेद एक ते अकरा
संपूर्ण खोटे, बनावट व नाकबूल.

परिच्छेद एकमध्ये एवढंच होतं
की वादी आणि प्रतिवादी एका आईची मुलं.

मी थांबलो. यंत्र थांबलं की वकील वर बघतात.
साहेब, पहिलापण?

ती बाकावर बोटांनी काही मोजत होती,
पंचवीस-पंचवीसच्या जुड्या बांधत असावी नव्वदांच्या.
तीन होऊन पंधरा उरतात, त्यांचं काय करतात
मला ठाऊक नाही.
पलीकडे अंबादास
टाकीचा नळ सोडून, न पिता उभा.

हिरेमठांनी घड्याळ पाहिलं.
दोन ते अकरा कर.
मग एकला काय लिहू?
मान्य लिही, आणि आटप.

मान्यला ढ लागत नाही.
तरी बोट सवयीनं तिकडे गेलं,
कळ खाली बसली,
कागदावर अक्षर उठलं नाही, नुसता वण.
तो मी खोडला नाही.