एकशे सत्तेचाळीस चुका

कंपाईल केलं, तर एकशे सत्तेचाळीस चुका.
पहिलीवर बोट ठेवलं. ती म्हणते,
पॅकेज सापडत नाही.
मी पुटपुटले, लायब्ररीच जुनी झालीय.
रजिस्टरात मान घातलेले बोबडेकाका चष्म्यावरून पाहतात,
'जुनी? यंदाच तं चुना मारला.'

काकांच्या वाचनालयात वायफाय आहे
आणि पारडीतलं एकमेव टेबल, ज्याचे चारही पाय सारखे.
इथं बसून मी ढोके गुरुजींचे शब्द
एक्सएमएलमधून पुस्तकाच्या पानांत उतरवतेय.
बत्तीस वर्षं त्यांनी वऱ्हाडी वेचली:
शिप्तर, डवरा, भेदरं, सीतादही.
पुतण्यानं एकेका शब्दाला कोनदार कंसांच्या बंडीत बसवलं,
दोन हजार नऊ साली, आणि पुण्याला गेला.
त्यानं जोडलेल्या लायब्रऱ्यांकडं
तेव्हापासून कुणी फिरकलं नाही.

जुन्या पद्धतीचं दोन गोष्टींत भागायचं,
नवी तिसरी मागते.
काय द्यावं? मी रिकामंच काहीतरी देते.
ती विहिणीसारखी ठेवून घेते, मानापुरतं.
एकशे सत्तेचाळीसच्या दोनशे अकरा होतात.
'कमी झाल्या का?' काका.
'होतील.'

दुपारी लाईन जाते.
जिनिंगच्या ट्रकमधून उडालेला कापूस
बाभळीच्या काट्यांना लटकलाय.
तो कुणी वेचत नाही.

संध्याकाळी तीन उरल्या. मग एक.
मग पडदा इतका गप्प
की मीच दचकले.

पानं आली. सांभार आला, भेदरं आलं,
डवऱ्याखाली गुरुजींचं वाक्य:
धरणाऱ्यानं मागं पाहू नये, ओळ वाकडी होते.
मोजले, तर एक शब्द कमी.

झुरमुंड.
शब्द लिहून गुरुजींनी अर्थ मोकळा ठेवला होता,
आणि मोकळं दिसलं की नवी लायब्ररी झाडून टाकते.
'काका, झुरमुंड म्हणजे?'
काकांचे कान लाल झाले.
'राहू दे मोकळंच. गुरुजी शहाणे होते.'

मग मी एक नियम लिहिला:
रिकाम्यालाही जागा द्यायची, दोन बोटं.

एक पिवळा इशारा अजून आहे.
ही पद्धत पुढे काढून टाकली जाईल.
पुढे म्हणजे कधी, ते लिहिलेलं नाही.
काकांनी दाराला कुलूप घातलं,
दोनदा ओढून पाहिलं.