समासातली नोंद

धावण्यात पहिला. नेमबाजीत दुसरा.
अर्जावर कुठे खाडाखोड नाही.
आधीच्या गावची पोलिसाची नोकरी का सोडली,
तिथे तीन शब्द: ‘हवापालट हवा होता.’

तिथल्या चीफला फोन लावला.
तोही हवेवरच बोलला,
यंदा बर्फ लवकर पडलं म्हणाला.

म्हणून एकशे दहा मैल गाडी हाकत
डुलुथला आले, त्याच्या पहिल्या बायकोच्या दारात.
मार्लिस. हातात ओला टॉवेल.
दार उघडलं, साखळी काढली नाही.

“चांगला आहे. कुत्र्यांना फार जीव लावतो.”
“आणि माणसांना?”
तिने माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहिलं,
गाडीत आणखी कोणी बसलंय का ते.

फॉर्मवर याला रकाना नाही.
समासात लिहिलं, पेन्सिल दाबून:
घटस्फोटाला सहा वर्षं झाली.
साखळी अजून आहे.