दोन पानांत

आंतोफागास्ता. रात्रीचे साडेअकरा वाजून गेलेत.
उद्या भर दुपारी अर्जाची मुदत संपते.
समुद्रावरून धुकं चढतंय, आम्ही त्याला कामान्चाका म्हणतो,
बंदरातल्या क्रेनचे दिवे त्यानं एकेक करून पुसले.
आकाश बघावं म्हणून पडदा सारला
तर काचेत माझंच तोंड, त्यावर स्क्रीनचा निळा चौकोन.

तिसऱ्यांदा लिहिते: हा तारा म्हातारा आहे,
लाल झालाय, फुगलाय,
याच्या पोटातलं लिथियम केव्हाच जळून जायला हवं होतं.
गेलेलं नाही.

वडील चहात पाव बुडवत विचारतात, "किती टन?"
बावीस वर्षं त्यांनी मिठागरावर टँकर चालवला,
लिथियम म्हटलं की त्यांना वजनच सुचतं.
मी वर्णपटातली रेघ दाखवते. केसाएवढी खाच.
"एवढंच? हे काढायला पैसे कोण देईल?"
नेमकं हेच, पापा, समितीही विचारते,
फक्त जरा सभ्य भाषेत, चौकट क्रमांक नऊमध्ये.

तर सांगते त्यांना: खाच नुसती असून भागत नाही,
तिचा उतार बघायचाय.
एका कडेला ती किंचित जास्त कलली असेल
तर यानं मध्यंतरी एखादा ग्रह गिळलाय.
"आणि खाल्लेलं तोंडावर दिसतंय," ते म्हणतात.
हो. म्हणून तर उजेड इतका बारीक चिरायचा,
लाखात एक इतका.
आणि काप जितका पातळ, तितका त्यात उजेड कमी,
म्हणून तीन रात्री.

तुर्कूहून तुओमासचा निरोप: तीन कोणी देणार नाही, दीड माग.
"कदाचित" सात वेळा आलंय, दोन ठेव.
चंद्राचं काय?
चंद्र चालेल, मी लिहिते. आमचा तारा तेवढा उजळ आहे.
लिहून झाल्यावर उगाच बरं वाटतं.

दीड रात्रीचं गणित पुन्हा: आरशावरची धूळ, हवेची जाडी,
वाऱ्यात जाणारे तास.
चारांतले दोन तारे कापले.
त्यांना नावंही नाहीत, नुसते आकडे,
तरी बोट जरा थांबलं.

वडील कप विसळतात.
"नाहीच दिल्या रात्री तर?"
सहा महिन्यांनी पुन्हा.
"मग ठीक. आमच्या तळ्यांतलं पाणी उडायला वर्षावर जातं."

एक ओळ तिसऱ्या पानावर सांडतेय. दोनच पानं चालतात.
वर जाऊन शोधते काय काढता येईल,
आणि सापडतं: "या मूलद्रव्याशी माझी ओळख जुनी आहे,
ते घरी बुटांवरून यायचं, पांढरं."
हे मी कधी लिहिलं?
काढते. ओळ वर सरकते.
दारापाशी त्यांचे बूट, नाडी न सोडताच काढलेले.