काचेतली वही

गोळीबार चौकात रविवारी साडेआठला
गाडी लावायला जागा नसते.
प्रफुल्लने ती एका बंद मेडिकलसमोर लावली
आणि आम्ही पाचजण रस्ता ओलांडून
पराते नाश्ता सेंटरमध्ये गेलो.
म्हणजे जे आधी सेंटर होतं.
आता पाटीवर नुसतं ‘पराते’,
बारीक सोनेरी अक्षरांत,
लग्नपत्रिकेवर असतं तसं.

दाराच्या काचेवर बाबा आपटता आपटता राहिले.
‘इथी दारच नव्हतं,’ म्हणाले,
‘शटर वर केलं की झालं.’
आत भिंतीला लाल विटा.
बाबांनी नखानं खरवडून पाहिलं. कागद.

चौतीस वर्षं वीज मंडळात मीटर वाचले त्यांनी,
कुठंही गेले की आधी मीटर शोधतात.
इथला जिन्याखालच्या नव्या कपाटात सापडला.
आकडा पाहिला, मान हलवली,
मगच बसले.

खुर्च्या उंच. आईचे पाय लोंबकळत होते,
एक चप्पल पडली, ती तशीच राहू दिली तिनं.
इरानं मोबाईलवर मेनू वाचला:
‘आजी, तर्री पोहा एकशे दहा.’
‘किती जणांचा?’

पोहे आले खोलगट पांढऱ्या ताटलीत,
तर्री वेगळी, बोटभर पितळी बादलीत.
बाबांनी चणे मोजले. अकरा.
बादली उपडी केली सगळी पोह्यांवर,
पहिल्याच घासाला ठसका,
डोळ्यांत पाणी, नाक लाल,
‘हां,’ म्हणाले. ‘हेच.’
म्हणजे म्हातारा पराते गेला तरी
तेलात कोणी हात घातला नव्हता.

हात धुवायला गेलेली इरा पळत आली.
बेसिनजवळच्या भिंतीवर तराजू, जर्मनचा पेला,
आणि चौकटीत, खालून पिवळा दिवा सोडलेली,
उधारीची उघडी वही.
‘आबा, तुमचं नाव आहे!’

ढोमणे मीटरवाले.
२ प्लेट. १ पार्सल. बाकी ३.५०.
वर तारीख, सन सत्त्याऐंशी.

बाबा ताडकन काउंटरवर.
काळ्या एप्रनमधला पोरगा, परात्यांचा नातू,
हसला: ‘काका, ते डेकोरेशन आहे.’
‘तुह्यासाठी असन. माही बाकी आहे.’
कॉम्प्युटर साडेतीन रुपये घेईना,
त्यात तसा पदार्थच नव्हता.
बाबांनी पाचचं नाणं ठेवलं.
दीड रुपया सुटा कुठून आणायचा,
पोरानं बडीशेपेची पुडी दिली.
बाबा परतले ते छाती काढून,
आजूबाजूच्या टेबलांवरचेही पाहत होते.

आई अजून चौकटीसमोरच होती,
चष्मा वर सरकवून, नाक काचेला लावून.
‘पार्सल?’ ती म्हणाली.
‘घरी तर पार्सल कधी आलंच नाही.’

प्रफुल्लला अचानक कोणाचा तरी मेसेज आला.
बाबा रिकाम्या बादलीत चमचा फिरवत राहिले.
‘कोण्या साहेबाचं असन.’
‘साहेब उधारीवर खात होते?’
‘मले काय आठवते आता!’
एवढं म्हणून त्यांनी पुडी फोडली,
अर्धी बडीशेप सांडली.

मी आईकडे पाहिलं.
ती रागावली होती असं नाही वाटलं.
वर्षानुवर्षं रीडिंग जास्त येतंय
आणि घरात दिवा तर एकच जळतो,
अशा बाईचा असतो तो चेहरा.

बिल आलं तेव्हा तिनं बोट वर केलं.
‘एक पार्सल बांध, बाळा.’
‘तर्री वेगळी देऊ, आजी?’
‘नाही. वरून टाक. आणि नाव लिही त्याच्यावर,
ढोमणे.’

मानेवाड्यापर्यंत डबा तिच्या मांडीवर होता.
सक्करदऱ्याच्या गतिरोधकाला तेल बाहेर आलं,
निळ्या साडीवर लाल, रुपयाएवढं.
‘थंड होऊन जाईन ते,’ बाबा पुढं बघत म्हणाले.
‘होऊ द्या.’

इरानं विचारलं, कोणासाठी नेतेस?
आईनं उत्तर दिलं नाही,
डबा फक्त थोडा सरळ धरला.