कॉट नंबर एक

आला तेव्हा गोल पितळी पिंजऱ्यात होता,
वर कळस, खाली नक्षी,
कुणाच्या तरी लग्नातला आहेर असावा तसा.
मी आधी कोपरा शोधला.
गोलाला कोपरा नसतो.
घाबरल्यावर माणूससुद्धा भिंतीला पाठ लावतो,
मग ह्या कॉकटीलनं जायचं कुठं?

एकतीस वर्षं मिरजेत, मिशनच्या दवाखान्यात,
पुरुष वॉर्ड, बहुतेक रात्रपाळी.
त्यामुळं मला तुऱ्याआधी त्याचे पाय दिसले.
तळव्याला लाल चट्टा, कातडी चकचकीत,
एकाच जाडीच्या गुळगुळीत दांडीवर
चार वर्षं उभा.
हे मी ओळखते.
माकडहाडावर बघितलंय, टाचेवर बघितलंय.
दर दोन तासांनी कूस बदला, असं आम्ही नातेवाइकांना सांगायचो
आणि ते मान हलवून झोपी जायचे.

कुपवाडात बाबगोंडा मगदूमनं पिंजरा जोडून दिला.
"उंच करू का सिस्टर? शोभंल."
म्हटलं, आडवा कर. पाखरू आडवं उडतं,
ते काय लिफ्टनं जाणार आहे?
गजांमधून माझी करंगळी जावी,
त्याचं डोकं जाऊ नये.
दोन बाजूंचे गज आडवे घाल, चढायला.
आणि जस्ताचा मुलामा नको, चोचीनं खरवडतं ते,
विष पोटात जातं.
तो म्हणाला, "माझ्या पोरीच्या पाळण्यालाबी
एवढं कुणी विचारलं नव्हतं."

तासगावच्या भाचीनं द्राक्षाची खोडं पाठवली,
मांडव मोडलेल्या बागेतली,
तीन वर्षं फवारा न बघितलेली.
तरी घासली, आधण ओतलं,
आठवडाभर गच्चीवर उलटसुलट केली.
कुठं बोटाएवढी, कुठं अंगठ्याहून जाड,
दर पावलाला पायाखाली वेगळी जमीन.

शेजारच्या इर्शाद सतारमेकरनं भोपळ्याची फुटकी कड दिली,
तंबोऱ्याला न चाललेली.
भोक पाडून टांगली, आत राळ्याचं कणीस.
सगळं वाटीत देऊ नये.
थोडं लपवावं, थोडं मक्याच्या सालीत गुंडाळावं.
ज्या पेशंटला दिवसभर काही काम नसतं
तो स्वतःचीच पट्टी उसकटतो.
ह्यानं छातीची पिसं उपटली होती.

खिडकीपाशी, पण उन्हाच्या झोतात नाही.
फोडणीच्या धुरापासून लांब.
एक बाजू भिंतीला टेकलेली.

"पिंजरा तो पिंजराच की," जिन्यावरून इंदूताई म्हणाली.
मी पाणी बदलत होते.
बदलत राहिले.

आणि तीन दिवस तो जुन्यातून हललाच नाही.
दाराला दार लावून ठेवलेलं,
इकडं खोड, राळं, सालीच्या पुड्या,
आणि हा तिकडं दांडीवर.
मला राग आला, खोटं कशाला बोलू.
चौथ्या दिवशी ती दांडीच काढली
आणि नव्यात बसवली.
तासाभरात आला. तिच्यावरच बसला.
घरची उशी घेऊन भरती होणारे पेशंट आठवले.
आम्ही हसायचो त्यांना.

पहिल्याच रात्री दोनला धडपड.
अंधारात दचकतं हे, पंख गजांवर आपटतात.
तेव्हापासून झिरोचा बल्ब.

काल दोनलाच जाग आली,
सवयीनं उठले, चपला न वाजवता गेले.
द्राक्षाच्या खोडावर होता,
जिथं ते सगळ्यात वाकडं आहे तिथं,
तुरा खाली, एक पाय पिसांत ओढलेला.
दुसरा मी वाकून बघितला.
चट्टा फिका पडलाय.

कॉट नंबर एक, झोप शांत.
लिहायला रजिस्टर नव्हतं,
म्हणून थोडा वेळ तिथंच उभी राहिले,
एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत.