सहावी फळी

चहा उतू जातोय म्हणून उठावं
तर सहाव्या फळीवर सुई उडते
आणि विलंबित ख्याल अर्ध्या आलापातून
थेट तबलजीच्या खाकरण्यावर पडतो.

मल्हारगंजातलं हे भाड्याचं वरचं घर.
तुळया सागाच्या, फळ्या सागाच्या.
साग नुसता ऐकत नाही,
ऐकलेलं चौघांना सांगतो.

बत्तीस वर्षं कॉलेजच्या लॅबमध्ये
ट्यूनिंग फोर्क पुसून पेटीत ठेवले मी.
तरी आधी सतरंजीच अंथरली, दुहेरी घडी घालून.
सतरंजीनं काय होणार?
भूकंपाला पांघरूण.

मग दीड बाय दीडचा कोटा आणला,
पाठीवर फरशीवाल्याचा हिशेब पेन्सिलीनं तसाच.
त्याखाली स्क्वॉशचे चार चेंडू, बरण्यांच्या झाकणांत बसवलेले.
“कुठला खेळ खेळता, मावशी?” दुकानदारानं विचारलं होतं.
“न हलण्याचा.”

कोट्यावर रेकॉर्ड प्लेअर.
स्पीकर रेतीच्या परातींत,
परातींखाली सायकलची ट्यूब, अर्धीच फुगवलेली.
दार लावून घेतलं, आणि
त्रेसष्टाव्या वर्षी सहाव्या फळीवर उडी मारली.
सुई ढिम्म.
दुसऱ्यांदा मारली ती नुसत्या आनंदानं.

चौथ्या दिवशी खालचे वाघमोडे जिना चढून आले.
स्वतःला ऐकू येत नाही म्हणून
सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं,
“मशीन बिघडली का, बाई?”
मी बोट दाखवलं. तबकडी फिरत होती.
ते वाकले, फळीवर तळवा टेकवला,
आणि दुकानात खोटं नाणं परत करावं तशी
मान हलवली.

मिलच्या लूमखात्यात त्यांचे कान गेले,
मग मिल गेली.
त्यांची खाट खांबाला लावलेली आहे, हे मला माहीत होतं.
पाठही लावलेली असते, हे नव्हतं.

“ठेका इथं,” कमरेवर हात.
“तो जाड्या आवाजाचा बुवा इथं,” बरगड्यांवर.
“बायांचं गाणं काही खाली पोचत नाही,” म्हणाले,
जरा तक्रारीनंच,
जणू मीच जिन्यात अडवून धरते.

संध्याकाळी डाव्या स्पीकरची परात काढली.
त्याला तीन लोखंडी टोकं लावली,
टोकांखाली जुने रुपये,
आणि खांबाजवळच्या फळीवर उभा केला.
उजवा रेतीतच. प्लेअर कोट्यावर.
आता डावीकडून षड्ज थोडा गढूळ येतो.
येऊ दे.

समेवर खालून काठी वाजते.
समेवर म्हणजे, समेनंतर किंचित.
लाकडातून पोचायला वेळ लागतो म्हणावं,
तर सागातून आवाज हवेपेक्षा दसपट तरी वेगानं जातो.
मी कागदावर मांडून पाहिलं.
उशीर लाकडाचा नाही,
वाघमोड्यांचा स्वतःचा आहे.